ओच्यात आलेला बिबळा

जांभळेवाडीत हरणाबाईचं नाव निघालं की माणसं आधी तिच्या धाडसाचं बोलायची. नवरा मानसिंग ऐन उमेदीत गेला, तेव्हा भावकीनं बैल विकून टाकायचा सल्ला दिला. हिनं लहानग्या धैर्यशीलला बांधावर बसवलं आणि पदर खोचून स्वतः औत धरलं. गोठ्यात नाग निघाला तर ती शेजाऱ्यांना हाक मारायची ती म्हैस धरायला. नागाचं तिचं ती बघायची. मलकापूरच्या बाजारात तराजूला हळूच बोट लावणाऱ्या व्यापाऱ्याचं बोट तिनं चारचौघांत धरून दाखवलं होतं. असल्या बाईला भ्यायला जगात एकच जागा उरली होती, आणि ती तिच्या मागच्या दारातून दिसायची. निनाईची राई.

राई म्हणजे वाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर राखलेलं देवीचं रान. खाली नजर जाईल तिथवर ऊस, आणि वर हा एवढा काळोखा तुकडा, कुऱ्हाड न लागलेला. मधोमध निनाईचा शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे बिनचेहऱ्याचा पाषाण, आणि त्याच्या पाठीशी बिबळ्याचं जुनं झाड, दोघांच्या कवेत न मावणारं. बिबळ्याचं लाकूड मोठं कठीण. सालीला जरा घाव बसला की आतून लाल चीक येतो, थेट रक्तासारखा. आसपासच्या डोंगरांतले बिबळे केव्हाच लोकांच्या घरांच्या चौकटी होऊन बसले. हा तेवढा राहिला, कारण तो देवीचा.

राईतली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असा तिथला नियम. तळपायाला पान चिकटलं तरी ते राईच्या दगडी गडग्यापाशी झटकून मगच बाहेर पडायचं. नानासो नावाच्या एका गड्यानं फार पूर्वी तिथली फांदी नेली होती आणि त्याचा हात गेला, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. हात गेला तो मळणीयंत्रात, आणि फांदी नेल्यावर कितीतरी वर्षांनी. पण मधली वर्षं धरायची गावाला सवय नाही.

आणि गंमत अशी, की वाडीतल्या बायकांत ह्या राईत सगळ्यात जास्त वावर हरणाबाईचाच. झाडलोटीचा मान तिच्या सासरचा. माघातल्या जत्रेआधी वाडीच्या साऱ्या बायका खराटे घेऊन वर जायच्या, पण हरणाबाईचा खराटा जमिनीला लागल्याशिवाय दुसरीनं हात हलवायचा नाही. मग मात्र अशी झाडलोट व्हायची, की राई नव्हे, नव्या नवरीचं अंगण वाटावं. पाला, काटक्या, उगवलेलं-वाळलेलं सगळं एका खड्ड्यात ओढायचं आणि तिथंच पेटवायचं, कारण बाहेर तर काही न्यायचं नाही. त्या खड्ड्यातली राख तेवढी चिमूटभर घरी न्यायची मुभा. ती निनाईचा अंगारा. पोरांच्या कपाळाला, दुभत्या म्हशीच्या शिंगाला आणि गरोदर बाईच्या पोटाला तो लावायचा.

हरणाबाईनं तो सुनेच्या पोटाला दोन वेळा लावला होता. सून राजनंदिनी कोरेगावची, शिकलेली, हसतमुख. धैर्यशील फौजेत, वर्षातून सुट्टीला यायचा तेवढाच. राजनंदिनीला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. दुसऱ्या वेळेनंतर ती हसायची, पण भांडी घासताना मधेच हात थांबायचे तिचे. हरणाबाईला ते बघवायचं नाही. त्या माघात राई झाडताना ती खराट्याच्या प्रत्येक हाताला मनात एकच म्हणत होती, आई, घरात पाळणा हलू दे.

झाडलोट करून ती घरी आली, पाय धुतले आणि खोचलेला ओचा सोडला, तर आतून चपट्या गोल चकत्या खाली पडल्या. बिबळ्याची फळं. मधे टणक गाठ, तिच्यात बी, आणि कडेला कागदासारखी पातळ झालर. वाऱ्यावर भिरभिरत कधी ओच्यात येऊन पडली, तिला पत्ताच नव्हता.

करायचं एवढंच होतं, की दिवेलागणीच्या आत वर जाऊन ती राईत टाकून यायची. ती उठली, चकत्या मुठीत घेतल्या, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि तिथं तिच्या मनात एक विचार आला. तो आला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. ओच्यात पडलं काय? बी. कुणाचं? निनाईचं. आणि आपण मागत काय होतो? देवीनंच ओटी भरली नसेल कशावरून? भरली असेल तर ती परत नेऊन टाकणं म्हणजे देवीच्या तोंडावर फेकणं. आणि भरली नसेल तर ही चोरी, आणि चोरीची भरपाई देवी कुठून करून घेईल हे तिला सांगायला कुणाची गरज नव्हती.

ती उंबऱ्यातच उभी राहिली. तेवढ्यात आतून राजनंदिनीची पावलं वाजली. भ्यालेलं माणूस शहाण्यासारखं वागतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं भीती बघितलेली नाही. हरणाबाईनं मूठ शेजारच्या शेणकाल्याच्या बादलीत उघडली आणि हात कोपरापर्यंत आत घालून चकत्या तळाशी दाबल्या.

"आत्या, आत्ता सारवताय? दिवा लावायची वेळ झाली की."

"न्हाई गं. बघत हुते, काला जमलाय का."

दिवा लागला, वेळ टळली. दुसऱ्या दिवशी जत्रा, मग पाहुणे, मग धैर्यशीलची सुट्टी, आणि ती संपल्यावर राजनंदिनी माहेरी गेली. शेणकाला तसाच आंबत पडला. हरणाबाई बादलीजवळून जाताना पदर सावरून जायची. शेवटी वास सुटला, तेव्हा तिनं डोळे मिटून ती बादली न्हाणीमागच्या केळीच्या बुडात पालथी केली आणि सुटल्यासारखा श्वास घेतला.

पाडव्याच्या सुमाराला ती केळीचं वाळकं पान काढायला वाकली. बुडाशी कुजून मऊ झालेली एक चकती उकलली होती, आणि तिच्यातून कोवळा कोंब वर आला होता. दोनच पानं, पण कशी ताठ. हरणाबाई खाली बसलीच. बाकीच्या चकत्यांचं काय झालं कुणास ठाऊक. ही एक रुजली. देवीच्या रानातलं बी तिच्या घरात, आणि तेही न्हाणीच्या खरकट्या पाण्यावर!

त्याच दिवशी माहेराहून परतलेली राजनंदिनी चुलीपाशी येऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "आत्या, मला वाटतं, आहे काहीतरी."

दुसरी कुठली सासू असती तर साखर वाटत सुटली असती. हरणाबाईनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली, आणि मागच्या दारी जाऊन केळीकडं बघत उभी राहिली. ओटी भरली होती तर. पण अजून मोल ठरलं नव्हतं.

आता त्या रोपाचं करायचं काय? उपटून टाकावं तर ज्या दिवशी उगवलं त्याच दिवशी पोटात आलेल्या जिवाचं काय होईल? राईत नेऊन लावावं तर कुणी बघेल आणि विचारील, हे आणलंस कुठून. ठेवावं तर देवीची वस्तू घरात. तिनं निदान खरकट्या पाण्यातून तरी ते सोडवायचं ठरवलं. मुळाभोवतीच्या मातीसकट उचलून तेलाच्या डब्यात लावलं आणि ओसरीच्या कोपऱ्यात, सकाळचं ऊन मिळेल पण दुपारचं लागणार नाही असं ठेवलं. पाणी घालायचं ते पिण्याच्या हंड्यातलं. विटाळाचा हात लागू द्यायचा नाही. महिन्याभरात डब्याच्या तळाच्या भोकातून मूळ बाहेर आलं. पान वर बोटभर वाढलं नव्हतं आणि मूळ मात्र जमीन शोधत निघालेलं. ते बघूनसुद्धा ती भ्याली. शेवटी धैर्यशीलनं सुट्टीत शेतात पाइपलाइन केली होती, तिचं उरलेलं जाड नळकांडं तिनं शोधून काढलं, उभं करून खालून पोतं बांधलं, माती आणि मुरलेलं शेणखत भरलं आणि रोप त्यात उतरवलं. मुळाला खोल जागा मिळाली. झाडाचं तेवढ्यानं समाधान झालं. तिचं कुठलं व्हायला?

राजनंदिनीनं विचारलं, "हे कसलं झाड आत्या?"

"शोभेचं हाय. कडेगावच्या बहिणीनं दिलंय."

हरणाबाईची बहीण कडेगावला होती हे खरं, पण तिनं जन्मात ऊस सोडून काही लावलं नव्हतं. राजनंदिनीला ते कुठं ठाऊक? तिला रोपाचा लळा लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, तेव्हा ती ओसरीवर खुर्ची टाकून त्याच्या शेजारीच बसायची. नवं पान फुटलं की फोनवर धैर्यशीलला दाखवायची. "तुमच्या लेकराच्या बरोबरीनं वाढतंय बघा," असं हसत म्हणायची, आणि आत भाकरी थापणाऱ्या हरणाबाईच्या हातातली भाकरी मोडायची.

एके दिवशी हरणाबाई शेतातून आली तर कोंबडीनं रोपाचं एक पान टोचून टोचून फाडलेलं. तिनं कोंबडी हाकलली आणि आत गेली, तर राजनंदिनी पांढरीफटक होऊन पलंगावर बसलेली. लाल डाग दिसला होता. गाडी करून दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बाळ ठीक आहे, पण जपा. परत येताना राजनंदिनी सासूच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली आणि हरणाबाईच्या मनात एक गोष्ट खिळ्यासारखी ठोकून बसली: झाडाला होईल ते पोरीला होईल.

तेव्हापासून तिचा जीव त्या नळकांड्यापाशी बांधला गेला. भोवती कुडाची जाळी केली. शेजारच्या शेळीला तर तिनं वैरीणच मानलं. पावसाळा बरा गेला. रोपानं अंग धरलं, सुनेचं पोट दिसायला लागलं. दुसरं कुणी असतं तर निवांत झालं असतं. हिला वाटायचं, देवी वाढवते आहे, म्हणजे मोठं करून नेणार. पानाच्या मागं अळी दिसली तरी ती उरलेलं पान न् पान उलटून तपासायची. अंगाऱ्याची पुडी देवळीत तशीच होती. एकदा तिनं ती सोडली, चिमूट घेतली, सुनेच्या पोटाशी हात नेला आणि मधेच मागं घेतला, तेव्हा राजनंदिनीच म्हणाली, "राहू द्या आत्या."

नवरात्रात राईचा गुरव धनाजी देवीच्या दिव्याला तेल मागायला आला. धनाजी म्हणजे सरळ, मितभाषी माणूस. हयात राईत गेलेली. ओसरीवर टेकला आणि त्याची नजर नळकांड्यावर गेली. उठून जवळ गेला, एक पान बोटांत धरलं, उलटं केलं, सोडलं.

"वहिनी, हे कुटलं?"

"कडेगावचं."

"कडेगावचं," धनाजी म्हणाला. तेल घेतलं, सुनेला आशीर्वाद दिला आणि गेला. पण फाटकापाशी त्यानं एकदा वळून बघितलं. हरणाबाईला त्या दिवसापासून घास गोड लागेना. गुरवाला कळलं म्हणजे देवीला कळलं, असं तिला वाटलं. देवीला ते आधीच ठाऊक असणार, एवढं साधं भ्यालेल्या डोक्यात शिरलं नाही.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि झाडाची पानं पिवळी झाली. एक एक करून गळली. हरणाबाईनं पाणी वाढवलं, मग कमी केलं, शेणखत घातलं, ऊन दिलं, सावली दिली. शेंडा तपकिरी झाला, मग काळा, आणि ते काळेपण रोज थोडं खाली सरकायला लागलं. त्याच दिवसांत राजनंदिनीचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. रक्तदाब चढला म्हणून डॉक्टरीणबाईंनी मलकापूरच्या दवाखान्यात दाखल करून घेतलं. धैर्यशील सुट्टी काढून आला तो थेट तिकडंच.

"तू पण चल की आये," तो फोनवर म्हणाला.

"म्हशीला कोण बघंल? तू हायस की तितं."

म्हशीला बघायला अख्खी वाडी होती. हरणाबाई ओसरीवर बसून त्या काडीकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशीलचा पुन्हा फोन आला. आवाज फौजीचा, पण आतून पोकळ. "आत नेतायत तिला. ऑपरेशन करावं लागंल म्हणत्यात. तू देवापाशी दिवा लाव."

हरणाबाईनं दिवा लावला नाही. जड नळकांडं छातीशी कवटाळलं आणि ती अनवाणी राईच्या वाटेला लागली. मातीचा भार, आणि चढण. ती तोंडानं पुटपुटत होती, तुझं तुला आणलं, आई, तुझं तुला आणलं.

धनाजी तांदळ्यावर पाणी घालत होता. तिला बघून तो तांब्या तसाच धरून उभा राहिला. हरणाबाईनं नळकांडं देवीपुढं टेकवलं आणि त्याच्यापाशी कोसळली.

"चोरी केली म्या, भावजी. माघात ओच्यात आल्या चकत्या, आन् म्या परत न्हाई आणल्या. आता ती झाडाचा जीव नेतीया आन् पोरीचा बी नेतीया. कौल लावा. तिला म्हणावं, तुझं तू घे, माझ्या पोरीला सोड."

धनाजीनं ओल्या तांदळ्याला दोन्ही अंगांना झेंडूच्या पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडून तिचं गाऱ्हाणं देवीपुढं मांडलं. उजवी पाकळी पडली तर देवीनं ऐकलं, डावी पडली तर नाही. दोघं बघत बसली. पाणी निथळत होतं. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

बसवेना म्हणून हरणाबाई उठली. "तवर खड्डा तरी घ्या. हितंच लावते, तिच्या पायाशी."

"हितं नगा लावू, वहिनी."

"का?"

"माघात जाईल ते."

"देवीच्या पायाशी हात लावायची कुणाची छाती हाय?"

धनाजीला तिचा प्रश्नच कळला नाही. त्यानं साधेपणानं सांगितलं, "हात कशाला कोण लावतंय? झाडलोटीत जाईल. दरसाल पावसाळ्यात येत्यात की चारदोन रोपं ह्या बिबळ्याखाली. थंडीत अशीच वाळून काडी हुत्यात. माघात तुमचा खराटा आला की साफ. देवीचं अंगण साफ नगं व्हय?"

हरणाबाईनं आजूबाजूला बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ती राई दिसली. गेल्या माघानंतर पडलेला पाला. त्यात मोठी झाडं, सगळी म्हातारी. त्यांच्या बुडाशी पोर म्हणावं असं एकही झाड नाही. गुडघ्याएवढं नाही, कमरेएवढं नाही. बिबळा तर एकटाच. खोड पोखरलेलं, एका बाजूची फांदी वाळलेली, जुन्या घावातून लाल चीक ओघळून सुकलेला. लग्न होऊन आल्यापासून दर माघात तिनं ह्याच्याखाली पहिला हात मारला होता. मान म्हणून, नटूनथटून. आणि जे जे बुडाशी उगवलं ते ते त्या खड्ड्यात ओढून पेटवलं होतं.

आणि त्याची राख घरी नेली होती. ती तिनं आपल्या सुनेच्या पोटाला लावली होती. दोन वेळा.

आजवरची तिची सगळी भीती ह्या एका भीतीपुढं काहीच नव्हती. मूठभर चकत्या नेल्या म्हणून आपण वर्षभर थरथरलो; ती चोरी ह्याच्यापुढं कुठंच नव्हती. धनाजीनं पाणी पुढं केलं, ते तिनं बाजूला सारलं.

"भावजी, किती पोरं जाळली म्या तिची?"

"आसं काय बोलताय, वहिनी? सेवा हाय ती. आमच्या आज्यापासनं हाय."

तेवढ्यात ओच्यात ठेवलेला फोन वाजला. हरणाबाईला तो काढता येईना. धनाजीनं काढून तिच्या कानाला लावला. धैर्यशील रडत होता. फौजेत गेल्यापासून त्याला रडताना तिनं ऐकलं नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"आये, मुलगी झाली. बारीक हाय, काचंच्या पेटीत ठेवलीया. पण रडली. राजी बी बरी हाय. ऐकतीयास न्हवं?"

हरणाबाईनं मान हलवली, जणू ती त्याला दिसणार होती. डोळे उघडून तिनं तांदळ्याकडं बघितलं. दोन्ही पाकळ्या तशाच चिकटलेल्या. देवी व्हय म्हणाली नव्हती, न्हाई म्हणाली नव्हती. मग वाळकी काडी आणि नळकांडं पुन्हा छातीशी धरून, गडग्यापाशी पाय न झटकता, डोंगर उतरून घरी आली.

राजनंदिनी बाळाला घेऊन आली तेव्हा तिची नजर आधी ओसरीच्या कोपऱ्याकडं गेली. "माझं झाड वाळलं, आत्या?" हरणाबाईनं तिला पुढ्यात बसवलं आणि सगळं सांगितलं, चकत्या, बादली, कडेगावचं खोटं. अंगाऱ्याचं सांगताना तिला तोंड वर करवेना. राजनंदिनी शिकलेली होती, पण तिनं नकळत लेकीला दुसऱ्या हातावर घेतलं, सासूपासून लांबच्या. हरणाबाईला ते दिसलं आणि तिच्या जिव्हारी लागलं. मग राजनंदिनी म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, माझं रक्तच तसं होतं, म्हणून राहात नव्हतं. राखेनं काही होत नाही, आत्या." आणि कोपऱ्याकडं बघून म्हणाली, "पण ती काडी टाकू नका."

माघ आला. बायका खराटे घेऊन राईत जमल्या. सगळ्यात म्हाताऱ्या चंद्राबाईनं रीतीप्रमाणे हरणाबाईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मानाचा खराटा हातात दिला. सगळ्या वाट बघत उभ्या. हरणाबाई बिबळ्याखाली वाकली. खराटा तिनं बाजूला ठेवला आणि हातानं पाला सारला. वर्षभर जिच्याकडं बघून ती जगली होती तसलीच एक काळी, वाळकी, वीतभर काडी तिथं उभी होती. दुसऱ्या कुणाला ती काटकी वाटली असती. हिनं नखानं बुडाशी हळूच खरवडलं. आत हिरवं होतं.

ती तिथंच मांडी घालून बसली, उभी काडी मांडीच्या कुशीत घेऊन.

"हरणे, ऊठ की," चंद्राबाई म्हणाली. "ऊन चढाय लागलं."

"मी न्हाई झाडत, मामी. हितनं पुढं न्हाई."

बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणी हसलं, कुणी अंगात आलं का म्हणून तोंडाकडं बघितलं. तिनं दोन्ही हातांचं काडीभोवती कुंपण केलं.

"याड लागलं का तुला?" चंद्राबाईचा आवाज चढला. "देवीचं अंगण तसंच ठिवायचं? कोप हुईल. घरात तान्हं हाय तुझ्या, काय तरी बोल."

"ठावं हाय, मामी," हरणाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. "तान्हं हाय म्हणूनच तर."

कुणाला ते कळलं, कुणाला नाही. चंद्राबाईनं दुसरीच्या हातात खराटा द्यायला बघितलं, तेव्हा तांदळ्यापाशी बसलेला धनाजी पहिल्यांदा बोलला. मानाचा खराटा जमिनीला लागल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं. बायका बडबडत, शिव्या घालत, निघून गेल्या. त्या माघात खड्डा पेटला नाही. अंगारा कुणालाच मिळाला नाही, आणि वर्षात वाडीत जे जे वाईट होणार होतं ते सगळं आता हरणाबाईच्या नावावर जमा होणार होतं. तिला ते उठतानाच माहीत होतं.

घरी यायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मागच्या दारातून आत शिरली ती पाय न धुता पाळण्यापाशी गेली आणि दुपट्यात हात घातला. पोरीचे पाय गरम होते. ती झोपेत हलली. हरणाबाईनं हात तसाच ठेवला, बराच वेळ, मग हंड्यातून तांब्या भरून घेतला आणि ओसरीवर जाऊन नळकांड्यातल्या काडीच्या बुडाशी पाणी घातलं.